वाळूच्या खड्ड्याशी काठी घेऊन उभा असलेला मुलगा

(पत्र बरंच मोठं आहे, म्हणून सार देते. नावं, सोसायटी, शाळा वगळली आहे.)

पुण्यात वाकडला राहणारी एक आई लिहिते. मुलगा सव्वाचार वर्षांचा. सात महिन्यांपूर्वीपर्यंत हे साताऱ्याला एकत्र घरात होते. सासू-सासरे, दीर-जाऊ आणि त्यांची सात वर्षांची मुलगी. नोकरीसाठी पुण्याला यावं लागलं. अकराव्या मजल्यावर फ्लॅट, खाली बाग, बागेत घसरगुंडी आणि वाळूचा खड्डा. मुलगा रोज संध्याकाळी तिथे जातो आणि कडेला उभा राहतो. 'काठीने वाळूत रेघा मारत असतो. बाकीची मुलं हसली की हाही हसतो, पण जवळ जात नाही.' ज्युनिअर केजीच्या टीचर पालकसभेत म्हणाल्या, 'तो मिक्स होत नाही.' मध्यंतरी वरच्या मजल्यावरच्या एका मुलाशी जमलं होतं. तीन आठवडे छान चाललं. मग एक दिवस तो मुलगा 'तू माझा फ्रेंड नाहीयेस' म्हणाला, हा रडत घरी आला आणि आईने त्याच्याकडे पाठवणं बंद केलं. चारचौघांत मिसळावा म्हणून स्केटिंग आणि अबॅकस लावलं आहे. बाबा रोज तासभर त्याच्याशी खेळतात. 'आपणच त्याचे फ्रेंड होऊ,' असं त्यांचं म्हणणं, आणि 'मीही लहानपणी असाच होतो,' असंही. सासूबाई म्हणतात, दुसरं होऊ द्या, आपोआप सुटेल. आई विचारते: याच्यात काही दोष आहे का? माझं काही चुकतंय का? आणि या वयात मित्र नसले तर खरंच काही बिघडतं का?

ताई,

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. 'बाकीची मुलं हसली की हाही हसतो.' तुम्ही ते काळजीच्या ओघात लिहून पुढे गेलात. माझ्या दृष्टीने सगळ्या पत्रात तीच सर्वांत मोठी बातमी आहे. लांब उभं राहून जे मूल दुसऱ्यांच्या हसण्यावर हसतं, त्याचं मन त्या खेळात आहे. हात अजून घातलेला नाही, इतकंच.

मी बावीस वर्षं बालवाडीत काढली. 'मिक्स होत नाही' हे शब्द मीही कितीतरी पालकांना ऐकवले आहेत आणि आज ते परत घ्यावेसे वाटतात, कारण त्यातून आईबापांना काहीच कळत नाही, फक्त धसका बसतो. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठाच्या बालशाळेत मिल्ड्रेड पार्टन यांनी मुलांच्या खेळाचं बारकाईने निरीक्षण केलं. ते १९३२ मध्ये छापून आलं. त्यांनी सहा प्रकार सांगितले: नुसतंच इकडेतिकडे करणं, एकट्याने खेळणं, बघत राहणं, शेजारी बसून आपापलं खेळणं, देवाणघेवाण करत खेळणं आणि सगळ्यांनी ठरवून एकत्र खेळणं. 'बघत राहणं' हा त्यांनी वेगळा प्रकार धरला. त्यात मूल एका ठरावीक घोळक्याजवळ थांबतं, ऐकतं, कधी काही विचारतं, पण आत शिरत नाही. पुढे लोकांनी या सहा प्रकारांचा जिना करून टाकला, जणू वरची पायरी गाठली की खालची कायमची सुटली. वर्गात बसून बघा, चार वर्षांचं मूल एकाच सकाळी या जिन्यावर दहा वेळा वर-खाली करतं. आधी बघायचं, मग शेजारी जाऊन तसंच करायचं, मग हळूच आत सरकायचं, ही बऱ्याच मुलांची वाट असते.

आपल्याकडे या वाटेला एक सुंदर नाव होतं: लिंबूटिंबू. वाड्यात, चाळीत, गल्लीत लगोरीचा नाहीतर डबा ऐसपैसचा डाव रंगला की एखादं चिमुरडं भावंड मधेमधे पळत असायचं. ते आउट झालं तरी आउट धरायचं नाही, त्याच्यावर राज्य येऊ द्यायचं नाही. त्याला खेळ येत नाही हे सगळ्यांना माहीत असायचं, तरी त्याला हाकलत नसत. असं वर्ष-दोन वर्षं पळून ते मूल खेळ शिकायचं आणि एक दिवस स्वतःच म्हणायचं, 'आता मला लिंबूटिंबू नका धरू.' हे चालायचं कारण तिथे चार वर्षांपासून बारा वर्षांपर्यंतची पोरं एकत्र असायची. आता शाळेत, क्लासमध्ये, सोसायटीच्या बागेतसुद्धा मुलं एकाच वयाच्या गठ्ठ्यात वावरतात. सगळेच नवखे. कोणी कोणाला सांभाळून घ्यायचं?

तुमच्या मुलाकडे असं सांभाळून घेणारं माणूस होतं, ताई. त्याची साताऱ्याची ताई, तुमच्या जाऊबाईंची मुलगी. तुम्ही तिचा उल्लेख घरातल्या माणसांच्या यादीत केलात, पण मला वाटतं, तुमच्या लेकाची पहिली मैत्रीण तीच होती. खेळ ती ठरवायची, हा तिच्या मागे असायचा. सात महिन्यांपूर्वी ती एकाएकी त्याच्या दिवसातून गेली. सात महिने म्हणजे त्याच्या आजवरच्या आयुष्याचा जवळजवळ सातवा हिस्सा. 'त्याला मित्र करता येत नाहीत' असं तुम्ही म्हणता. मला दिसतो तो आपली मैत्रीण हरवलेला मुलगा. त्याने घर, अंगण आणि भिडू एकाच वेळी गमावलेत. आपण मोठी माणसंसुद्धा नव्या गावात रुळायला वर्ष घेतो. तेव्हा तिच्याशी बोलणं तोडू नका. व्हिडिओ कॉलवर 'बोल ना तिच्याशी' म्हणून मूल बोलत नसतं. फोन टेबलावर टेकवून दोघांनी आपापल्याकडे चित्रं काढली तरी चालेल. आणि मे महिन्याच्या सुट्टीत तिला आठ-पंधरा दिवस इकडे आणा. ती वाळूत उतरली की हाही उतरेल, आणि ती परत गेल्यावर वाळू त्याला परकी राहणार नाही.

आता बाबांबद्दल. रोज तासभर मुलाशी खेळणारा बाप ही मोठी गोष्ट आहे. तो तास अजिबात कमी करू नका. पण बाबा मित्राची जागा भरून काढू शकत नाहीत, कारण बाबांचं मुलावर प्रेम आहे. ते हरतात. तलवार लागली की लगेच मरून पडतात. 'हा डायनोसॉर आहे' म्हटलं की त्यांच्यापुरता तो डायनोसॉर होतो. बरोबरीचं मूल असं काही करत नाही.

माझ्या वर्गातलं एक चित्र सांगते. भातुकलीच्या कोपऱ्यात एक मुलगा आणि एक मुलगी. दोघंही साडेचारच्या आतली. तिने रिकाम्या किटलीतून कपात ओतलं आणि म्हणाली, 'चहा घ्या, गरम आहे.' तो म्हणाला, 'हे सरबत आहे.' 'चहा आहे.' 'सरबत आहे. माझ्या आईने केलंय.' तिने किटली काढून घेतली. त्याने कप पाठीमागे लपवला. दोघांचे ओठ बाहेर आले. मी उठणारच होते, पण दुसऱ्या एका बाळाच्या बुटाची गाठ सोडवत होते, म्हणून राहिले. मिनिटभर कोणी बोललं नाही. मग ती म्हणाली, 'बरं, सरबत आहे. पण मी ते गॅसवर ठेवलं होतं.' तो विचारात पडला. मग कप पुढे करून म्हणाला, 'मग फुंकर मार.' पुढची वीस मिनिटं दोघं गरम सरबत पीत होती आणि इतरांनाही पाजत होती.

मी उठले असते तर म्हणाले असते, 'अरे, चहा काय नि सरबत काय, भांडू नका.' आणि त्या दोघांच्या हातून केवढं काम निसटलं असतं! दुसऱ्याच्या डोक्यात आपल्यापेक्षा वेगळं काही आहे हे कळणं, आपलं न सोडता त्याचं थोडं घेणं, आणि खेळ मोडू नये म्हणून राग गिळणं. हे याच वयात उमलतं. १९८३ मध्ये हाइन्झ विमर आणि योसेफ पेर्नर या ऑस्ट्रियातल्या मानसशास्त्रज्ञांनी मुलांना एक गोष्ट सांगून प्रश्न विचारला. मॅक्स नावाचा मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून बाहेर जातो, त्याच्या मागे आई ते दुसरीकडे ठेवते. परत आल्यावर मॅक्स ते कुठे शोधेल? तीन वर्षांची मुलं, चॉकलेट खरोखर जिथे आहे ती जागा सांगतात. मॅक्सला ते माहीत नाही हे ध्यानात घेऊन उत्तर देणं चारच्या पुढे जमायला लागतं. तुमचा मुलगा नेमका त्या उंबऱ्यावर आहे. वरच्या मजल्यावरचा तो दुसरा मुलगाही तिथेच आहे.

म्हणून 'तू माझा फ्रेंड नाहीयेस' हे वाक्य तुमच्या कानाने ऐकू नका. ते ऐकून तुम्हाला तुमच्या शाळेतलं काहीतरी आठवलं असेल, मनात कळ आली असेल. पण चार वर्षांच्या मुलाच्या भाषेत फ्रेंड म्हणजे 'आत्ता माझ्याबरोबर खेळतोय तो'. मुलांच्या मैत्रीच्या कल्पना वयानुसार कशा बदलतात हे अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सेलमन यांनी मांडलं, त्यातही या वयाचा मित्र असाच क्षणापुरता असतो. आपल्या लहानपणी याला कट्टी म्हणत. करंगळी दाखवायची, तोंड फिरवायचं आणि दुपारी चिंचा खायला पुन्हा एकत्र. इथे मला स्पष्ट बोलू द्या. कट्टी त्या मुलाने घेतली, पण बट्टी होण्याची वेळ तुम्ही येऊ दिली नाहीत. तुमचा हेतू त्याला दुखापतीपासून वाचवायचा होता, हे मला कळतं. तरी त्या तीन आठवड्यांच्या मैत्रीत त्याने जे कमावलं होतं ते तिथेच थांबलं. एखादं मूल रोज मारत असेल, चावत असेल, ठरवून सगळ्यांना याच्याविरुद्ध करत असेल तर मोठ्यांनी मध्ये पडायलाच हवं. तुमच्या पत्रात तसं काहीच नाही.

मीही एकदा अशीच चूक केली आहे. मी ज्या शाळेत होते तिथे दोन मुली एकमेकींना सोडत नसत. डबा एकत्र, चित्र एकत्र. 'सगळ्यांत मिसळायला शिकतील' म्हणून आम्ही शिक्षकांनी जूनमध्ये त्यांना दोन तुकड्यांत टाकलं. त्या कागदावर माझी सही होती. त्यातली एक दिवाळीपर्यंत वर्गात जवळजवळ बोलली नाही. मधल्या सुट्टीत डबा घेऊन दुसऱ्या तुकडीच्या दाराशी उभी राहायची, आणि आम्ही तिला परत जागेवर नेऊन बसवायचो. तेव्हापासून मी मित्र मोजणं सोडलं. या वयात एक पुरतो. पण तोच एक, पुन्हा पुन्हा भेटणारा.

मित्र नसले तर काही बिघडतं का, असं तुम्ही विचारलंत. मुलं एकमेकांना काय देऊ शकतात याचं एक टोकाचं उदाहरण आहे. १९४५ मध्ये टेरेझिनच्या नाझी छावणीतून वाचलेली तीन ते चार वर्षांची सहा अनाथ मुलं इंग्लंडमध्ये ससेक्सला आणली गेली. बालमनोविश्लेषक अॅना फ्रॉइड आणि त्या मुलांना सांभाळणाऱ्या सोफी डॅन यांनी त्यांच्याबद्दल १९५१ मध्ये लिहिलं. कोणतंही मोठं माणूस त्यांच्या वाट्याला टिकून आलं नव्हतं. मोठ्यांवर ती चिडत, चावत. पण एकमेकांना सोडून क्षणभर राहत नसत, आणि स्वतः खाण्याआधी दुसऱ्याच्या ताटात पडलं का ते बघत. आईबापांखेरीज मुलाला जगात धरून ठेवणारी आणखीही एक दोरी असते, हे ते वाचून मला पटलं. तुमच्या मुलाची आईबापांची दोरी घट्ट आहे. दुसरी विणायला त्याच्याजवळ वेळ आहे. या वर्षी मित्र झाला नाही म्हणून त्याचं आयुष्य बिघडणार नाही, पण 'मोठा झाला की होईल' म्हणून हातावर हात ठेवून बसावं इतकी ही गोष्ट क्षुल्लकही नाही.

आणि स्वभाव. न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मानसोपचारतज्ज्ञ दांपत्याने १९५६ पासून शंभराहून अधिक मुलांचा लहानपणापासून मागोवा घेतला. त्यातली साधारण १५ टक्के मुलं हळूहळू रुळणारी निघाली. नवीन काही आलं की आधी मागे सरायचं, पुन्हा पुन्हा समोर आलं की मग जवळ जायचं. तुमचे यजमान 'मीही असाच होतो' म्हणतात ते गंभीरपणे घ्या. त्यांना एवढंच विचारा, तुमचा पहिला मित्र कोण आणि तो कसा झाला? बहुतेक ते एखाद्याच मुलाचं नाव घेतील.

अशा मुलाला गर्दीत सोडून उपयोग होत नाही. स्केटिंगच्या क्लासात तीस मुलं असतील, पण ती रांगेत असतात आणि सर सांगतील ते करतात. तिथे गरम सरबत होत नाही. त्याला स्केटिंग आवडत असेल तर राहू द्या. अबॅकस मात्र मी आजच बंद करीन आणि त्या दोन संध्याकाळी मोकळ्या ठेवीन.

त्या मोकळ्या संध्याकाळी एकाच मुलाला घरी बोलवा. वरच्या मजल्यावरच्यालाच पहिल्यांदा. त्याच्या आईला लिफ्टमध्ये किंवा दारात गाठून सांगा, 'शनिवारी पाचला आमच्याकडे पाठवाल का, पाऊण तास?' सोसायटीच्या ग्रुपवर नको, तिथे त्याचा समारंभ होतो. एकुलतं एक चकचकीत खेळणं मध्ये ठेवू नका. त्याची सर्वांत लाडकी गाडी आधीच त्याला विचारून कपाटावर ठेवा, म्हणजे ती वाटून घ्यायची सक्ती नको. कणकेचे दोन गोळे, मोठं खोकं, बाथरूममध्ये पाणी आणि चार भांडी, एवढं पुरतं. मध्ये वाटीभर चुरमुरे. तुम्ही स्वयंपाकघरात, दार उघडं, कान तिकडे. आवाज चढले तर उठण्याआधी मनात वीसपर्यंत मोजा. उठावंच लागलं तर निवाडा देऊ नका. जे दिसतं तेवढंच बोला: 'दोघांना एकच खोकं हवंय. आता कसं करायचं?' आणि खरंच उत्तराची वाट बघा. पाऊण तास झाला की खेळ रंगात असताना थांबवा. पुढच्या शनिवारी तोच मुलगा, तीच वेळ. दर वेळी नवा पाहुणा आणलात तर तुमचा मुलगा दर वेळी दारामागेच राहील.

तो मुलगा जमला नाही तर वर्षा-दीड वर्षाने लहान असलेलं मूल शोधा. ऐकायला विचित्र वाटतं, कारण आपण नेहमी बोलक्या, धीट मुलाची संगत शोधतो. १९७९ मध्ये विल्यम फर्मन, डोनाल्ड राही आणि विलार्ड हार्टप या मानसशास्त्रज्ञांनी पाळणाघरांतली एकटी राहणारी २४ मुलं घेतली. काहींना त्यांच्याच वयाच्या, काहींना लहान मुलाबरोबर वीस-वीस मिनिटं खेळू दिलं, चार ते सहा आठवड्यांत दहा वेळा. कोणी काही शिकवलं नाही. वर्गात परतल्यावर सर्वांत जास्त मोकळी झाली ती लहानांबरोबर खेळलेली मुलं. मला यात नवल वाटत नाही. साताऱ्याला जो कायम मागे होता, त्याला पहिल्यांदाच पुढे राहता येईल. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या बालशिक्षणतज्ज्ञांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, कारण आदिवासी मुली धाकटं भावंड कडेवर असल्यामुळे शाळेला येऊ शकत नव्हत्या. वयं वेगळी असलेली मुलं एकमेकांच्या नजरेत राहावीत, ही सोय गरजेतून आली, पण मुलांच्या किती सोयीची होती!

बागेत त्याला 'जा, खेळ त्यांच्याशी' म्हणून ढकलू नका. 'मी खेळू का?' असं विचारायलाही शिकवू नका. चालू डाव मुलं फार जपतात, विचारलं की 'नाही' हेच उत्तर आधी येतं. त्यापेक्षा हातात पाण्याने भरलेला मग द्या. कोरड्या वाळूत पाणी घेऊन आलेल्याला कोणी परत पाठवत नाही.

शाळेत टीचरना वेगळे प्रश्न विचारा. तो डबा कोणाजवळ बसून खातो? कोणाकडे बघत असतो? घरी कोणाचं नाव घेतो ते तुम्ही त्यांना सांगा आणि त्या मुलाजवळ बसवता येईल का, ते विचारा.

दुसऱ्या बाळाचा निर्णय तुम्हा दोघांचा. खेळगडी हवा म्हणून मात्र बाळ आणू नका. बरोबरीने खेळायला त्याला तीन वर्षं लागतील, तोवर हा आठ वर्षांचा होईल. सासूबाई जे आठवून बोलत आहेत ते मला वाटतं भरलेलं अंगण आहे, नुसतं सख्खं भावंड नव्हे. त्यांना महिनाभर राहायला बोलवा आणि संध्याकाळी बागेतल्या बाकावर बसवा. गोष्ट सांगणाऱ्या आजीभोवती मुलं गोळा होतात, आणि ती आजी ज्याची असते त्याच्याभोवतीही.

दोष आहे का, हे पत्रावरून मी सांगू शकत नाही, कोणीच सांगू नये. काय बघायचं ते सांगते. हाक मारल्यावर वळतो का, काही गंमत दिसली तर 'ते बघ' म्हणून तुम्हाला दाखवतो का, खोटं खोटं खेळतो का, त्याचं बोलणं परक्या माणसाला समजतं का. घरी बडबडतो पण शाळेत महिना उलटला तरी एक शब्द बोलत नाही, येत असलेलं काही मागे पडलंय, किंवा इतर मुलांकडे तो बघतही नाही, असं असेल तर थांबू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा, कान तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर डीईआयसी नावाची, मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून मदत करणारी केंद्रं आहेत, तिथे अशा मुलांची तपासणी मोफत होते. ज्यांची मुलं तुमच्या मुलासारखी हसत नाहीत, त्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

तुमचं चुकलं असेल तर ते एका ठिकाणी, त्या कट्टीच्या दिवशी, आणि ते अजून दुरुस्त होण्यासारखं आहे. आज गुरुवार. शनिवारला दोन दिवस आहेत.

आणि बागेत जाताना त्याच्या हातातली काठी काढून घेऊ नका. आणखी एक काठी शोधा, वाळूच्या कडेला त्याच्यापासून हातभर अंतरावर ठेवून द्या, आणि बाकावर जाऊन बसा.